डब्यातला वरवंटा

रूपाने मोठ्या डब्याच्या तळाशी वरवंटा ठेवला, त्यावर जुन्या चादरीची घडी दाबली, घडीवर घाऱ्यांचा छोटा डबा बसवला आणि वरून दोन टॉवेल कोंबले. झाकण लावून तिने डबा कानाशी नेऊन हलवला. आवाज नाही. नाकाशी धरला. वास नाही. उचलून पाहिला, तर वजनावरून आत कुणाच्या लग्नातली उरलेली बुंदी असावी. रूपाचं समाधान झालं. आता कोकिळाकाकूंनी ओळखूनच दाखवावं.

पाचोऱ्याच्या त्या कॉलनीत गुलाबाई बसली की महिनाभर संध्याकाळी दुसरं काही चालत नसे. मातीचे गुलाबाई आणि गुलोजी पाटावर, मागे हिरव्या लुगड्याचा पडदा, समोर टिपऱ्या घेतलेल्या पोरी. गाणी संपली की कुणाच्या तरी घरचा बंद डबा मधोमध यायचा. आतला खाऊ ओळखल्याशिवाय झाकण उघडायचं नाही, हा नियम सगळीकडचाच. या कॉलनीने त्यात आपला एक घातला होता. कोजागिरीला, शेवटच्या दिवशी, घरोघरचे डबे यायचे आणि ज्याचा खाऊ कुणालाच ओळखता येणार नाही, त्याच्या घरी पुढच्या वर्षी गुलाबाई बसायची. चार वर्षं ती कोकिळाकाकूंच्याच हॉलमध्ये होती, कारण चार वर्षं एकही डबा त्यांच्या नाकातून सुटला नव्हता. झाकणाला नाक लावायच्या, डोळे मिटायच्या आणि म्हणायच्या, "रव्याचा लाडू. रवा जरा कमी भाजलाय."

रूपाच्या घरचा डबा ओळखायला मात्र नाकाची गरजच पडत नसे. धाकटा भूपू झाल्यापासून तिच्याकडून खाऊ म्हणजे वेफर नाहीतर बिस्किटं. पुडी आतूनच कुरकुरायची. काकूंची नात कामिनी डबा नुसता पायाने सरकवून म्हणायची, "पुडीवाली डिंपल आली." रूपाची डिंपल तिसरीत होती. घरी येऊन ती काही सांगायची नाही. पण एका संध्याकाळी सगळ्या पोरी गेल्यावर, चप्पल शोधण्याच्या निमित्ताने ती मागे राहिली आणि गुलाबाईच्या कानाशी लागून म्हणाली, "पुढच्या वर्षी आमच्याकडे ये ना. माझ्या आईला सगळं येतं. बाळ जरा मोठं होऊ दे फक्त."

दारात उभ्या रूपाने ते ऐकलं आणि कोजागिरीला पुडी न्यायची नाही हे तिथेच ठरवलं.

घाऱ्या भूपूच्या झोपेच्या हप्त्यांवर झाल्या. एका झोपेत भोपळा किसून शिजला, दुसऱ्या झोपेत गूळ घालून पीठ मळलं, आणि तळताना सासूबाईंनी, वच्छलाबाईंनी, नातवाला अंगणात नेऊन कावळे दाखवले. डबा भरून होतो तोच भूपूने सूर लावला. रूपा त्याला घेऊन आतल्या खोलीत आडवी झाली. बाहेर सासूबाईंचे भाऊ, नथ्थूमामा, परत अमळनेरला निघायच्या तयारीत होते. "मामांना नमस्कार सांगा आई," एवढं ती आतूनच म्हणाली.

संध्याकाळी ती भूपूला एका कडेवर आणि डबा दुसऱ्या कडेवर घेऊन काकूंच्या हॉलकडे निघाली. दारातच भूपू सासूबाईंनी परत मागून घेतला. "तू निंघ. मी याले दूध पाजीसन येस."

पोरींची गाणी झाली. एकेक डबा पुढे आला आणि एकेक ओळखला गेला. काकूंचं नाक रंगात होतं. शेवटी रूपाचा डबा मधोमध आला. कामिनीने सवयीने पाय लावून पाहिला आणि पाय मागे घेतला.

"आजी, हलत नाहीये."

पोरी पुढे सरकल्या. डिंपलची मान जरा ताठ झाली. काकूंनी डबा उचलला, कानाशी नेला, हुंगला आणि भुवया वर करून खाली ठेवला.

"दोन प्रश्न," त्या रूपाला म्हणाल्या. "गोड का तिखट?"

"गोड."

"साखरेचं का गुळाचं?"

"गुळाचं."

एवढ्यात रूपाचा फोन वाजला. नथ्थूमामांचा असा पक्का समज होता की गाव जितकं लांब, तितकं मोठ्याने बोलावं. त्यामुळे फोन रूपाने कानाला लावला असला तरी तो कुठे धरलाय याला फारसा अर्थ नव्हता. पोरी गलका करत होत्या, एवढंच नशीब.

"रूपा का? मी नथ्थूमामा."

"मामा, मी जरा नंतर..."

"आयक ना वं पोरी. घाऱ्या भलत्या झकास शेत. मी खाध्यात, कंडक्टरले दिध्यात, मांगल्या सीटवरल्या बाईले बी दिध्यात. डबा धुईसन धाडस."

"कुठल्या घाऱ्या, मामा?"

"तूच बांधी दिधेल ना? अक्का बोलनी, सूनबाईनी तुन्हासाठे बांधेल शे. टावेलमा दाबेल व्हता. अक्का बोलनी, इतलं मोठं धूड एसटीमा कोठे धरशी, धाकला डबाच लई जाय."

फोन बंद झाला. रूपा डब्याकडे बघत राहिली. घरातून पाहुणा रिकाम्या हाताने जाऊ नये म्हणून सासूबाई धडपडतात हे तिला माहीत होतं. फडक्यात जपून ठेवलेला डबा दिसला की तो कुणाची तरी शिदोरी आहे, याखेरीज त्यांच्या मनात दुसरं काही येणंच शक्य नव्हतं. आणि त्यांनी नीटनेटकेपणाने झाकण पुन्हा लावूनही ठेवलं होतं.

म्हणजे हॉलच्या मधोमध, गुलाबाईच्या पुढ्यात, पोरींच्या गराड्यात जो डबा होता, त्यात एक वरवंटा होता. गुळाचा. गोड.

कुणी ओळखो न ओळखो, डबा उघडणारच. आणि उघडला की पुडीवाली हे नाव जाऊन वरवंटेवाली येईल. ते डिंपलच्या लग्नापर्यंत पुरेल, कदाचित नंतरही.

"कुणाचा फोन?" शेजारी बसलेल्या काकूंनी विचारलं.

"मामांचा. पोचतायत म्हणाले."

"बरं," काकू म्हणाल्या आणि डब्याकडे वळल्या. "चला पोरींनो. गुळाची चिक्की?"

"नाही," रूपा म्हणाली, आणि पदराखाली फोन धरून तिने नवऱ्याला मेसेज केला. अहो, ताबडतोब गोड खाऊ आणा. गुळाचा. विचारू नका का.

योगेंद्र कृषी केंद्रात कामाला होता आणि बायकोच्या मेसेजमध्ये ताबडतोब हा शब्द आला की चप्पल न घालता निघायचा. थोड्याच वेळात त्याचं उत्तर आलं. तोतारामच्या दुकानात आहे. चिक्की घेतो.

चिक्की नको, तिने लिहिलं. चिक्कीला मी नाही म्हटलंय.

कुणाला?

"तिळाचे लाडू?" काकूंनी विचारलं.

"नाही."

तिळाचे लाडू आहेत, योगेंद्रने लिहिलं.

तेही नको.

"राजगिऱ्याची वडी?" कामिनी म्हणाली.

"नाही."

"गुळाची शेव?"

"नाही, काकू."

"शेंगदाण्याचे लाडू? गूळपापडी? सांजोऱ्या?"

"नाही. नाही. नाही."

आता रूपाच्या ध्यानात आलं की आपण काय करून बसलो आहोत. ती खरं बोलत होती, आणि दर खऱ्या 'नाही'ने पाचोऱ्यातला एकेक खाऊ तिच्या हातातून जात होता. नाही म्हटलेलं डब्यात निघालं, तर तिची लबाडी सगळ्या हॉलसमोर उघडी पडणार. काकू तर पेटल्यासारख्या बोलत होत्या. आंध्रातले, गुजरातेतले, त्यांच्या बहिणीच्या सासरी होणारे, कुठलेही गुळाचे पदार्थ त्यांनी सोडले नाहीत. एरवी दोन-तीन नावांत निकाल लावणारी ही बाई आज अशी का पिसाळलीय, ते रूपाला कळेना.

फोन थरथरला. आता दुकानात फक्त फरसाण आणि तोताराम उरलाय. तोताराम विचारतोय, वहिनींना बरं नाही का.

आईंना फोन करा, रूपाने लिहिलं. त्यांना सगळं सांगा. तिचे डोळे भरून आले होते. डिंपलकडे बघायचं ती टाळत होती, कारण डिंपलचं तोंड दर 'नाही'गणिक उजळत चाललं होतं.

काकूंनी डबा पुन्हा नाकाशी धरला. डोळे मिटले.

"घाऱ्या," त्या सावकाश म्हणाल्या. "लाल भोपळ्याच्या."

काकूंनी बरोबर ओळखलं होतं. वरवंटा, चादर, टॉवेल, सगळं करूनही. सासूबाईंनी तो डबा मामांना दिला नसता, तर या घडीला आपण हरलो असतो. डिंपल उठून चपला शोधायला लागली असती.

"नाही, काकू," ती म्हणाली. आयुष्यात इतकं खरं ती क्वचितच बोलली असेल.

काकू तिच्याकडे बघत राहिल्या. "नाही?"

"नाही."

"मग अवघड आहे," काकू म्हणाल्या आणि डबा अगदी अलगद खाली ठेवला.

"आजी, हरलो म्हण ना आता," कामिनी कंटाळली होती. "कोजागिरीचं दूध आटून जाईल."

"हरलो, हरलो," पोरींनी गिल्ला केला. कामिनी डब्यापुढे गुडघ्यावर बसली आणि तिने झाकणाला हात घातला.

"हात लावू नको वं."

दारात वच्छलाबाई उभ्या होत्या. कडेवर भूपू, अंगावरून घट्ट लपेटलेला पदर, आणि धाप लागलेली.

"गुलाबाईले निवद दावा का?" त्यांनी विचारलं.

पोरी एकमेकींकडे बघायला लागल्या. निवद रोज दाखवत असत, पण खाऊ ओळखून झाल्यावर, उघड्या डब्याचा.

"आखरीना दिन शे. आज देवले पहिले, मंग मानसले." वच्छलाबाईंनी भूपूला रूपाच्या मांडीत टाकलं आणि डबा उचलला. "अन् देव जेवस तवय पडदा लावतस. तुमना घर नही लावतस का, कोकिळाबाई?"

हे असं कुणाच्याच घरी होत नव्हतं, असं काकूंनी म्हटलं असतं तर सगळं तिथेच संपलं असतं.

"लावतात ना," कोकिळाकाकू म्हणाल्या. "राहिलंच बघा. रूपा, ऊठ, ते लुगडं सोड मागचं. एक टोक तू धर, एक मी."

भूपूला डिंपलकडे देऊन रूपाने टोक धरलं. हिरव्या लुगड्यामागे गुलाबाई, गुलोजी आणि वच्छलाबाई दिसेनाशा झाल्या. आतून झाकण निघाल्याचा आवाज आला. मग कापड ओढल्याचा. मग काहीतरी जड फरशीवर धप्पकन आपटलं.

"आजी, काय पडलं?" कामिनीने विचारलं.

"गुलोजी जेवतायत," काकू म्हणाल्या. "गप्प बस."

पडदा खाली आला. डबा झाकणासकट जागेवर होता. वच्छलाबाई पाटाशेजारी फतकल मारून बसल्या. त्यांच्या पदराखाली आता एक लांबट उंचवटा होता आणि तो त्यांनी दोन्ही हातांनी पोटाशी धरला होता.

"आते एकदाव आखरीनं ओळखा. अन् माले इचारा. रूपाले पोरगं धरू द्या."

रूपा मनातल्या मनात सासूबाईंच्या पाया पडली, कारण डब्यात आता काय आहे हे तिलाही माहीत नव्हतं. पोरींनी उरलंसुरलं सगळं विचारून पाहिलं. वच्छलाबाई माना हलवत राहिल्या. शेवटी सगळ्या काकूंकडे बघायला लागल्या. काकूंनी डबा उचलला, नाक झाकणाला लावलं. या वेळी त्या बराच वेळ तशाच राहिल्या. त्यांच्या नाकपुड्या हलल्या. ओठही जरासे हलले.

"नाही बाई," त्या म्हणाल्या. "मी हरले."

चार वर्षांत त्या हॉलने हे शब्द ऐकले नव्हते. मागच्या खोलीत टीव्ही बघणारे काकाही उठून दाराशी आले.

रूपाने झाकण काढलं. टॉवेल. दुसरा टॉवेल. छोटा डबा. त्यात तपकिरी, ओबडधोबड, तुपाने चकाकणारे लाडू.

"हे काय?" कामिनीने विचारलं.

"कुस्करा," वच्छलाबाई म्हणाल्या. "सकायनी बाजरीनी भाकर. कुस्करी, गूळ लावा, तूप लावं, शेंगदाना कुटीसन टाका."

"म्हणजे शिळी भाकरी?" कुणीतरी मागून म्हणालं.

रूपाला वाटलं, याच्यापेक्षा वरवंटा बरा होता. ती काहीतरी बोलणार, तेवढ्यात डिंपल भूपूला तसाच काखेत मारून पुढे आली. एक लाडू उचलून तिने अर्धा तोंडात टाकला आणि चावत चावत हॉलवर नजर फिरवली.

"आमच्याकडे रोज असतो," ती म्हणाली. "तुमच्याकडे नसतो का?"

नसतो, असं म्हणायला कुणी तयार होईना. कामिनीने एक घेतला. मग दुसरा घेतला. मग आजीकडे वळून म्हणाली, "आपल्याकडे का नसतो?" त्यानंतर डब्याभोवती जी झुंबड झाली, तिच्यात टॉवेलही तुपाने माखले. योगेंद्र घामाघूम होऊन फरसाणाची पुडी घेऊन पोचला, तेव्हा डब्याच्या तळाशी गुळाचा एक खडा होता आणि त्यावरही दोघींचं भांडण चालू होतं. पुडी त्याच्या हातातच कुरकुरली, पण तिकडे कुणी पाहिलं नाही.

"पुढच्या वर्षी गुलाबाई कुणाकडे?" डिंपलने विचारलं. तिला ठाऊक होतं. पण तिला ते काकूंच्या तोंडून हवं होतं, आणि कामिनीसमोर हवं होतं.

"पुडी... नाही, डिंपलकडे," कामिनीच म्हणाली.

दूध पिऊन झाल्यावर रूपा ग्लास विसळायला काकूंच्या स्वयंपाकघरात गेली. काकू तिच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या आणि नळ मोठा केला.

"भोपळा सकाळीच शिजलेला कळला होता मला," त्या हळूच म्हणाल्या. "भिंतीला भिंत आहे आपली. डबा आला तेव्हाच घाऱ्या म्हणणार होते. तेवढ्यात तुझ्या मामांनी माझ्या कानाशीच ओरडून सांगितलं की घाऱ्या एसटीत आहेत."

रूपा ग्लास विसळायची थांबली. "मग तुम्ही एवढी नावं..."

"वेळ काढत होते, बाई. मी थांबले असते तर पोरींनी झाकण उघडलं असतं. पण नावंच संपली, म्हणून शेवटी घाऱ्या विचाराव्या लागल्या, आणि तू हो म्हणशील की काय अशी धास्ती होती."

"आणि कुस्करा?"

"तुझ्या सासूबाई दारात आल्या तेव्हाच." काकू हसल्या. "तूप लपतं होय?"

"काकू, तुम्ही डिंपलसाठी..."

"डिंपलसाठी आहेच," काकू म्हणाल्या. "पण चार वर्षं महिनाभर माझ्या डोक्यावर टिपऱ्या वाजतायत. यांना बातम्या ऐकू येत नाहीत. भादव्यात लेकीकडे नाशिकला जायचं म्हणते, जमत नाही. आणि या नाकाला खोटं बोलता येत नाही गं, सगळ्या बघत असतात. नियमाने हरावं लागतं. असा एक तरी डबा यायला हवा होता, की मी हरले म्हटल्यावर कुणाला शंका येणार नाही." त्यांनी नळ बंद केला. "टिपऱ्यांची पिशवी जाताना घेऊनच जा. उद्या मी विचार बदलायला नको."

पुढच्या भाद्रपदात पौर्णिमेच्या आदल्या दिवशी काकू नाशिकला गेल्या. पौर्णिमेला संध्याकाळी रूपाच्या दारात एवढ्या चपला जमल्या की योगेंद्र ताट घेऊन जिन्यावर जेवायला बसला. भूपू आता चालत होता आणि त्याला टिपऱ्या खायच्या होत्या. मातीच्या गुलाबाईला डिंपलने सोनेरी कागदाची नथ केली होती. नथ गुलाबाईपेक्षा जरा मोठी झाली होती, पण गुलाबाईने ती चालवून घेतली होती.

गाणी संपत असताना काकूंचा व्हिडिओ कॉल आला. "पहिला डबा कुणाचा? जरा जवळ धर बघू."

रूपाने फोन झाकणाला टेकवला. पडद्यावर काकूंचं नाक मोठं होत गेलं आणि मग हिरमुसून मागे गेलं.

"काही येत नाही गं."

"मग हरलात का, काकू?" डिंपलने विचारलं.

"हरले बाई. रोज हरणार आता," काकू म्हणाल्या. त्यांच्या मागे कुठेही टिपऱ्या वाजत नव्हत्या आणि त्यांचा चेहरा चांगला विसावलेला दिसत होता.

रूपाचे पाय दुखत होते, कानात टिपऱ्या घुमत होत्या, आणि असाच अख्खा महिना जायचा होता. समोर डिंपल कामिनीला सांगत होती, "पायाने नाही सरकवायचा. आमच्याकडे हाताने उचलायचा असतो." कामिनी मुकाट्याने दोन्ही हातांनी डबा उचलत होती.

स्वयंपाकघरातून वच्छलाबाईंनी हाक मारली. "रूपा, वरवंटा कोठे शे वं? चटणी वाटानी शे."

"उद्याच्या डब्यात आहे, आई."



"मंग ऱ्हाऊ दे," वच्छलाबाई म्हणाल्या. "मी मिक्सरमा करी लेस."